बांध आणि उघाडी



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला निमंत्रणाचे पत्र लिहिले, त्यात विषयही त्यांनीच सुचविला होता. "समविचारी माणसांचा लहानसा गट एकजीव कसा राहावा, यावर आपण बोलावे," असे त्यांनी लिहिले होते. पत्राच्या खाली एक ओळ जादा घातली होती : "आमच्याकडे मंडळे पुष्कळ निघतात, परंतु तिसऱ्या वर्षी पाटी तेवढी उरते." मी होकार दिला तो या ओळीमुळे. कारण हे दुखणे एकट्या नागावचे नाही. वाचनालय असो, भजनी मंडळ असो, गावचे नाट्यमंडळ असो, सहकारी सोसायटी असो की अलीकडचे महिलांचे बचतगट असोत, दहा-वीस माणसे एकत्र येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. आणि पुढे एक दिवस असा उजाडतो की त्यांतली निम्मी माणसे उरलेल्या निम्म्यांशी बोलत नाहीत.

असे का होते? 'आपल्या लोकांना एकी ठाऊकच नाही' हे याचे तयार उत्तर. ते मला पटत नाही. ज्या मुलखात आपण बसलो आहोत, त्या मुलखाने एकीची फार मोठी उदाहरणे घालून दिली आहेत. ती नीट पाहिली म्हणजे आपले कोठे चुकते ते कळते. आज मी मुख्यतः तीच उदाहरणे आपल्यापुढे ठेवणार आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणास कंटाळा आला तरी त्याचा फेरा फुकट जाणार नाही. विचार सारखे असणे ही गट जमण्यास पुरेशी गोष्ट आहे. गट टिकण्यास ती पुरत नाही. टिकण्यास तीन गोष्टी लागतात. सर्वांच्या अंगावर पडणारे काम, सर्वांना दिसणारा हिशेब, आणि वेगळे बोलणाऱ्याला जागा. यांतली तिसरी सर्वांत अवघड आहे. तिच्याच अभावी बहुतेक मंडळे मरतात, आणि तिच्याच अभावी जी जगतात ती कधी कधी मेलेल्यांहून वाईट होतात.

आपले नागाव हे अष्टागरातले गाव. समुद्राकडेने पाहिले तर येथे सगळ्या नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी ही ज्याची त्याची असते. ज्याचे त्याचे शिंपणे. पण अलिबागेहून पेणच्या वाटेला लागा. पोयनाडच्या आसपास खारपाट लागतो, आणि तेथे शेतीचा सगळाच न्याय बदलतो. तेथील भातजमीन ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन आहे. खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध घालावयाचा, त्यास बाहेरकाठा म्हणतात, आणि त्याच्या आत भात पिकवावयाचे. बाहेर भरतीचे खारे पाणी, आत गोडे पाणी, आणि मधे केवळ मातीची भिंत.

आता या बांधाची गंमत पाहा. तो कोणा एकाचा नसतो. माझे शेत बांधापासून दूर असेल, तुमचे लागून असेल. पण उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, तर पाणी काही सातबारा पाहून आत शिरत नाही. एकदा खारे पाणी शिरले की पुढली दोनतीन वर्षे त्या जमिनीत धड पीक येत नाही. म्हणून एका बांधाच्या आतले जेवढे शेतकरी, तेवढ्यांचा एक समूह असतो. त्याला 'जोळ' असे नाव आहे. बांधाची राखण आणि दुरुस्ती हे जोळाचे काम. खांड पडली की घरटी माणूस निघावयाचा, चिखल आणि दगड वाहावयाचे, आणि पुढचे उधाण येण्यापूर्वी, भांगाचे पाणी मंद आहे तोवर, ती खांड बुजवावयाची. १९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला, खारजमीन विकास मंडळ स्थापन झाले, आणि पुढे बांधाचे काम हळूहळू सरकारी खात्याकडे गेले. त्यानंतर गावोगावी जोळ ढिले पडले. त्याचे बरेवाईट परिणाम हा वेगळा विषय आहे. मला आज एवढेच पाहावयाचे आहे, की ही साधी, पुष्कळशी निरक्षर माणसे पिढ्यान् पिढ्या एकत्र कशी राहिली?

त्यांचे विचार सारखे होते म्हणून नव्हे. जोळातल्या दोन घरांत वावभर जमिनीवरून भांडण असे, लग्नातल्या मानापानावरून अबोला असे. पण खांड पडली की दोन्ही घरची माणसे एकाच रांगेत उभी राहून एकमेकांच्या हातात चिखलाचे गोळे देत. एकमेकांवर प्रेम असावे अशी अट नव्हती. रांगेत यावे एवढीच अट होती. मला वाटते, निष्ठेचा उगम येथे आहे. ज्याच्या हातातून आपण भर उन्हात दहा वेळा चिखलाचा गोळा घेतला, त्याच्याविषयी मनात एक खात्री तयार होते. ही खात्री व्याख्यानाने तयार होत नाही, शपथेने तर नाहीच.

आणि त्या रांगेत हिशेबही असतो. कोण आला, कोण आला नाही, हे कोणालाही विचारावे लागत नाही. ते सर्वांना दिसते. मोठ्या शेतकऱ्याने मुकादमकी करावी आणि लहानाने चिखल वाहावा असे झाले, की जोळ फुटण्यास सुरुवात होते. आपल्या मंडळांत काय होते? दोन माणसे राबतात, पाच माणसे सूचना करतात, आणि उरलेली तेरा माणसे वार्षिक सभेस येऊन विचारतात, की यंदा चहा पातळ का होता?

याच खारपाटातले दुसरे उदाहरण. अलिबाग तालुक्यातील चरी गावचे नाव आपणांस मी सांगावयास नको. तेथील शेतकऱ्यांचा संप २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात खोती होती. कूळ राबे, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाई. त्याशिवाय वेठ होती, फसवे कबुलायतीचे कागद होते, उसन्या भाताचे दीडपट होते. या सर्वांविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि भोवतालची मिळून पंचवीस गावे उभी राहिली, आणि त्यांनी ठरविले की खोताची जमीन कसावयाची नाही.

बंधुभगिनींनो, या ठरावाचा अर्थ जरा डोळ्यांपुढे आणा. कारखान्यातला कामगार संपावर जातो तेव्हा मालकाचे यंत्र थांबते. शेतकरी संपावर जातो तेव्हा त्याच्या स्वतःच्या घरातली चूल थांबते. मृग निघाला, पाऊस पडला, शेत समोर आहे, बैल गोठ्यात आहे, आणि नांगर धरावयाचा नाही! एक हंगाम नव्हे, लागोपाठ सहा हंगाम. डोंगरातून लाकूडफाटा आणून विकावा, मिळेल ती मोलमजुरी करावी आणि दिवस ढकलावे, असे त्या घरांनी केले. आणि तरीही संप टिकला.

तो कशाने टिकला? हे माझे अनुमान आहे, आपण ते पारखून घ्या. पहिले असे, की नियम एकच होता, आणि तो लहान मुलालाही समजे. शेतात नांगर दिसला की मोडला, नाही दिसला की पाळला. पंचवीस कलमांची घटना असती तर त्या लोकांना प्रत्येक कलमाचा अर्थ लावण्यात भांडता आले असते. दुसरे, नुकसान सर्वांच्या अंगावर होते. पडीक शेत प्रत्येकाच्या दाराशी होते. पुढाऱ्याचे पोट भरलेले आणि अनुयायाचे रिकामे, असे दिसते तर त्या संपाला सहा पावसाळे काय, सहा आठवडेही निघाले नसते.

आणि तिसरे मला फार महत्त्वाचे वाटते. या गटाने आपले दार बाहेरच्या माणसासाठी उघडे ठेवले. लढा मुख्यतः आगरी कुळांचा. पण १९३४ साली चरीला शेतकऱ्यांची परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. महाडच्या १९२७ सालच्या सत्याग्रहातले त्यांचे सहकारी अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हेही कुळांच्या बाजूने उभे राहिले. जातीने निराळे, शिक्षणाने निराळे. पण प्रश्न एक. गावच्या दुःखाला त्यामुळे विधिमंडळापर्यंत वाट मिळाली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नाहीशी करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. त्याच सुमारास, १९३७ साली, 'कृषीवल' हे शेतकऱ्यांचे पत्र निघाले. महसूलमंत्री मोरारजी देसाई यांना चरीच्या प्रश्नात लक्ष घालावे लागले, आणि १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ साली खोती निर्मूलनाचा कायदा झाला. कसेल त्याची जमीन, ही जी घोषणा आपण आज सहज तोंडाने म्हणतो, तिच्यामागे त्या सहा पावसाळ्यांतली पडीक शेते आहेत.

या संपात जातभाईंच्या दडपणाचा काहीच भाग नसेल, असे मी म्हणणार नाही. गावात ते असतेच. परंतु नुसत्या धाकावर माणूस एक वर्ष उपाशी राहतो, सहा वर्षे राहत नाही. सहा वर्षे राहतो तो शेजाऱ्याकडे पाहून. शेजारी आपल्याला विकणार नाही, ही खात्री असते म्हणून राहतो.

आता खाडी ओलांडून पुण्यास जाऊ. चरी टिकले त्याचे उदाहरण आहे. पुण्यात फुटले त्याचे आहे. आणि जे फुटले ते सामान्य माणसांचे नव्हते. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. पाठोपाठ आगरकर येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' निघाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. पाच वर्षांत हे सारे करणारी माणसे पंचविशीतिशीची होती. समविचारी गट म्हणावा तर याहून समविचारी आणि याहून त्यागी गट महाराष्ट्राने क्वचितच पाहिला असेल. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. तुरुंगाने त्यांना तोडले नाही. उलट जोडलेच असेल.

मग तुटले कशाने? सरकारने तोडले नाही, शत्रूने तोडले नाही. ते तुटले आपसांतल्या न सुटलेल्या दोन प्रश्नांवर. एक प्रश्न हिशेबाचा. आजीव सभासदाने अल्प वेतनावर राहावे, आणि बाहेर काही मिळविले तर ते संस्थेचे समजावे, हा टिळकांचा आग्रह. उलट घरसंसाराची गरज जशी असेल तशी सवलत असावी, असे आगरकरांचे आणि इतरांचे म्हणणे. आगरकरांची गरिबी आणि दमा आपण जाणताच. दुसरा प्रश्न मतांचा. सामाजिक सुधारणेविषयी आगरकरांना जे लिहावयाचे होते त्याला 'केसरी'त जागा उरली नाही. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला.

यांत कोणाचे बरोबर, याचा निवाडा करण्यास मी येथे उभा नाही. महाराष्ट्र शंभरावर वर्षे तो करीत आला आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे, की दोन्ही बाजूंनी माणसे निःस्वार्थी असताना, ध्येय एक असताना, तुरुंगातला सहवास पाठीशी असताना गट फुटू शकतो. ज्या गोष्टी आरंभीच कागदावर स्पष्ट व्हावयास हव्या होत्या त्या मैत्रीच्या भरवशावर सोडल्या गेल्या. आणि पैशाची गोष्ट मैत्रीच्या भरवशावर सोडली, की शेवटी पैसाही जातो आणि मैत्रीही जाते. १८९५ साली आगरकर वारले तेव्हा 'केसरी'त टिळकांनीच मृत्युलेख लिहिला. चाळिशीही न गाठलेला मित्र! त्या लेखाकडे आलेली ती वाट मनात आणली की असे वाटते, या दोघांना समोरासमोर बसून मतभेद ठेवण्याची एखादी रीत कोणी आधीच घालून दिली असती तर?

ही रीत घालण्याचा प्रयत्न एकाने पुढे केला. गोपाळ कृष्ण गोखले हे त्याच सोसायटीचे आजीव सभासद. त्या भांडणाची झळ त्यांना स्वतःला लागलेली. त्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला. तेथे येणाऱ्याने पाच वर्षे उमेदवारी करावयाची, आणि सात शपथा घ्यावयाच्या. स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करणार नाही, ही एक शपथ. कोणाशी व्यक्तिगत भांडण करणार नाही, ही दुसरी. पाहा, देशसेवेच्या संस्थेत माणूस घेताना 'भांडणार नाही' असे त्याच्याकडून आधी वदवून घ्यावे लागते! ज्याने एकदा पोळून घेतले आहे त्यालाच हे सुचते. शपथेने सगळे साधते असे नाही, हे मी मघाशीच म्हटले. पण ज्या दोन ठिकाणी गट फुटतो ती दोन ठिकाणे गोखल्यांनी अचूक ओळखली होती, आणि नुसत्या सद्भावावर विसंबून न राहता उमेदवारीची पाच वर्षे मधे ठेवली होती.

आता मोठ्यांच्या गोष्टी सोडून एक लहान गोष्ट सांगतो. ती माझी स्वतःची आहे, आणि माझ्या फारशी भूषणाची नाही. माझ्या तरुणपणी आम्ही आठ जणांनी एक वाचक मंडळ काढले होते. दर आठवड्यास एक पुस्तक, वर्षातून एक हस्तलिखित अंक, आणि एक वार्षिक समारंभ. आम्हांला आमच्या मंडळाचा मोठा अभिमान. एकदा समारंभानंतरच्या बैठकीत आमच्यातला एक जण म्हणाला, "खर्चाची वही एकदा सर्वांनी पाहू या." एवढेच. त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. पण आम्हांला राग आला. आपल्यातलाच असून हा अविश्वास दाखवतो! खजिनदाराला वाईट वाटले, त्याला वाईट वाटले म्हणून आम्हां सर्वांना वाईट वाटले, आणि विषय काढण्याचे कारण नाही असे आम्ही हात वर करून ठरविले. माझाही हात वर होता. पुढच्या बैठकीचा निरोप त्या मित्राला कोणी दिला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तो समजला आणि यावयाचा थांबला.

त्यानंतर आमच्या मंडळात पूर्ण एकमत नांदू लागले. कोणी काही विचारीना. पुस्तकावरही कोणी वेगळे बोलेना. वेगळे बोलले की काय होते ते सर्वांनी पाहिले होते. दीड वर्षात मंडळ बंद पडले, आणि बंद पडल्याचे कोणास वाईटही वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी ती वही माझ्या हाती आली. खजिनदाराने एक पैसा खाल्ला नव्हता. उलट चाळीसएक रुपये पदरचे घातले होते. वही त्या दिवशी उघडली असती तर विचारणारा आणि विचारला गेलेला, दोघांचीही मान ताठ राहिली असती. आम्ही ती झाकून ठेवली, निष्ठेच्या नावाखाली, आणि दोघांचाही अपमान केला. त्या मित्राची मी पुढे क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "अरे, मी तर विसरलो." तो विसरला नव्हता, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते.

आठ मुलांच्या मंडळात हे झाले. त्याने कोणाचे प्राण गेले नाहीत. पण हीच गोष्ट एका गावाने केली म्हणजे काय होते? येथे मला एक कटू विषय काढावा लागतो, आणि आपल्या जिल्ह्यात बोलतो आहे म्हणून तो टाळता येत नाही. तो विषय वाळीत टाकण्याचा. गावकीचा किंवा जातपंचायतीचा निर्णय एखाद्याने मानला नाही, निवडणुकीत निराळे मत दिले, मुलीचे लग्न स्वतःच्या पसंतीने होऊ दिले, की त्या घराशी बोलावयाचे नाही, वाण्याने माल द्यावयाचा नाही, मयताला जावयाचे नाही. यालाही लोक 'गावची एकी' म्हणतात! १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. त्यानंतर पन्नासांवर वर्षे गेली. शेवटी महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम केला, तो २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. ज्या प्रकरणांमुळे हा कायदा करावा लागला त्यांत आपल्या रायगड जिल्ह्यातील प्रकरणांचा उल्लेख वारंवार झाला. ज्या जिल्ह्याने चरी दाखविले, त्याच जिल्ह्याने हेही दाखवावे, याची लाज आपणा सर्वांना वाटली पाहिजे.

चरी आणि वाळीत यांत फरक कोणता? दोन्हींत नकार आहे. चरीत लहान माणसांनी आपल्याहून बलवानाला नकार दिला, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. वाळीत टाकताना पुष्कळ माणसे एकट्या घराला नकार देतात, आणि किंमत त्या एका घराकडून वसूल करतात. एकीची परीक्षा करावयाची असेल तर एवढेच विचारा : या एकीची किंमत कोण मोजतो आहे?

आता पुन्हा त्या खारपाटातल्या बांधाकडे या. मी त्याचे अर्धेच वर्णन केले. बांध नुसता सलग असून भागत नाही. पावसाळ्यात आतल्या शेतांत डोंगराचे आणि पावसाचे पाणी साचते. ते बाहेर गेले नाही तर भात आतल्या आत कुजते. म्हणून बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवतात. तिला झडप असते. भरती आली की झडप बंद होते, ओहोटी लागली की उघडते आणि आतले पाणी वाहून जाते. उघाडी नसलेला बांध दिसावयास अधिक भक्कम दिसतो. पण त्याच्या आतले पीक त्याच्यामुळेच मरते, आणि तुंबलेले पाणी शेवटी बांधालाच आतून फोडते.

मंडळातली मतभेदाची जागा ही ती उघाडी आहे. आमच्या वाचक मंडळाने ती बुजविली. गावकी ती बुजविते. 'सुधारक' निघाला तेव्हा आगरकरांनी आपली उघाडी वेगळी पाडली, कारण असलेल्या बांधात ती राहिली नव्हती.

कोणी म्हणेल, असे सैल सोडले तर गट उरेल का? आपली ओळख पुसून जाणार नाही का? याचे उत्तरही याच किनाऱ्यावर आहे. अलिबागजवळ नवगाव आहे. नागाव आणि नवगाव या नावांत बाहेरचे लोक नेहमी घोटाळा करतात. बेने इस्रायल लोकांची अशी परंपरा आहे, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, सात जोडपी वाचली, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. ते येथे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. किती शतके गेली! ग्रंथ जवळ नाहीत, धर्मगुरू नाहीत, मूठभर माणसे. मराठी बोलू लागले, किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर अशी गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून लावली. शेजाऱ्याशी वैर न करता ते वेगळे राहिले. त्यांना एकत्र ठेवणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांतली एक म्हणजे आठवड्यातून एक दिवस घाणा थांबविणे. लहान, ठरलेली, सर्वांनी पाळावयाची आणि कोणाचेही नुकसान न करणारी गोष्ट. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. पण अलिबागेत त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे, आणि इस्रायल आळी हे नावही राहिले आहे.

तेव्हा चिटणीसांच्या त्या जादा ओळीला माझे उत्तर असे आहे. मंडळ काढताना ध्येयधोरणाचा लांब कागद करू नका. दर आठवड्यास सर्वांनी मिळून करावयाचे एक काम ठरवा. वाचनालयाचे मंडळ असेल तर अध्यक्षांसकट प्रत्येकाने पाळीने कपाटे झाडावीत. हिशेबाची वही महिन्यातून एकदा मोठ्याने वाचा, कोणी मागितली नसली तरी वाचा. म्हणजे ती मागणे हा अविश्वास होणार नाही. ठरावाच्या वेळी 'विरुद्ध कोण?' असे विचारून चटकन पुढे जाऊ नका. विरुद्ध असेल त्यास पाच मिनिटे द्या, त्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहा, आणि मग बहुमताने काय ते ठरवा. ठरल्यावर मात्र विरुद्ध बोलणाऱ्यानेही कामाला हात लावलाच पाहिजे. तोंडाचे स्वातंत्र्य सर्वांना, हाताची सूट कोणालाच नाही. चिटणीस-खजिनदार दोनतीन वर्षांनी बदला, मग तो माणूस सोन्यासारखा असला तरी बदला. सोन्यासारख्या माणसाचा मोह मंडळाला फार महाग पडतो. आणि कोणी सोडून गेला तर त्याच्या नावाने खडे फोडू नका. जाणाऱ्याला सन्मानाने जाऊ देणारे मंडळ असेल, तर राहणारा खुशीने राहिला आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येते.

या व्याख्यानमालेचेच पाहा. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास पहिली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आज गावोगावी वसंतात आपण जमतो, काल एकाचे ऐकतो, आज दुसऱ्याचे. आजच्या वक्त्याने कालच्या वक्त्याचे खोडले तरी मांडव कोसळत नाही. उद्या पुन्हा सतरंज्या अंथरणारी तीच मुले असतात. जोवर सतरंजी अंथरणारे हात आणि विरुद्ध बोलणारे तोंड, दोन्हींना या मांडवात जागा आहे, तोवर आपल्या पाटीची काळजी चिटणीसांनी करू नये.

आता पावसाळा तोंडावर आला. खारपाटात बांध पाहून ठेवण्याचे हेच दिवस. कोठे चीर पडली आहे का, हे जसे पाहावयाचे, तसे उघाडीत गाळ तर साचला नाही ना, हेही पाहावयाचे. आपापल्या मंडळाचेही हे दोन्ही पाहून घ्यावे, एवढी विनंती करतो.